विचारा की! : भावना खरी, मग कविता खोटी कशी?

या खेपेला आलेल्या पत्रांत गंमत अशी की निम्मी-अर्धी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत, मनापासून केलं म्हणजे झालं का? कुणी कवितेबद्दल विचारलंय, कुणी गाण्याबद्दल, एका रिटायर्ड गुरुजींनी तर थेट तत्त्वज्ञ रूसोला धरलाय आणि एका आईनं सहावीतल्या पोरीचा निबंध पाठवलाय. म्हणून बाकीचे प्रश्न (लोणच्याला बुरशी का येते, वगैरे) पुढच्या अंकावर ढकलते, रागावू नका.

अक्का, मी बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या भागातल्या साहित्य संमेलनात सीमाप्रश्नावरची कविता वाचली, टाळ्या भरपूर पडल्या, खरं नंतर एका ज्येष्ठ कवींनी बाजूला घेऊन सांगितलं, "भावना प्रामाणिक आहे पोरा, खरं कविता अजून झालेली नाही." माझे आजोबा सत्याग्रहात लाठ्या खाऊन आत जाऊन आलेत, माझा राग काय नाटकी नव्हे. मग भावना खरी आणि कविता खोटी, हे कसं काय? कविता सोबत पाठवतोय. — एक वाचक

बाळा, कविता खोटी आहे असं ते म्हणालेलेच नाहीत, झालेली नाही म्हणाले, आणि वाचल्यावर मलाही तसंच वाटतंय. तुझ्या कवितेत मायमराठीचा टाहो आहे, रक्ताचा अभिषेक आहे, काळजावरची भळभळती जखम आहे, हुतात्म्यांची शपथ आहे. आपल्याकडं कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा असं गावोगावी संमेलन भरतं, शेतकरी माणसं पदरचे पैसे घालून मांडव उभा करतात, दिवसभर बसून कविता ऐकतात, हे दुसरीकडं क्वचितच बघायला मिळतं आणि मला त्याचा अभिमानच आहे, पण त्या मांडवात हे शब्द दरवर्षी मुक्कामाला असतात बघ. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपला भाग तिकडं गेला तेव्हा ज्यांनी ते पहिल्यांदा वापरले त्यांना ते शोधावे लागले असतील, तुला आयते मिळाले. राग तुझा आहे, शब्द मांडवाचे आहेत. आणि टाळ्या पडल्या त्या हुतात्म्यांना पडल्या, त्या खऱ्याच होत्या, फक्त त्या तुझ्या कवितेच्या खात्यावर जमा करू नकोस एवढंच.

हा प्रश्न मर्ढेकरांनाही पडला होता. १९४१ च्या "वाङ्मयीन महात्मता"मध्ये त्यांनी लेखक माणूस म्हणून किती सच्चा हा मुद्दा बाजूला ठेवला आणि "लेखनगर्भ आत्मनिष्ठा" मांडली, म्हणजे माझ्या साध्या भाषेत सांगायचं तर, लिहिताना, त्या ओळीत, त्या शब्दापाशी तू खरा होतास का? घरात खरा असशील, मोर्चात खरा असशील, पण "भळभळती" लिहिताना तुला खरंच काही भळभळताना दिसलं का? की तो शब्द जखमेला चिकटूनच आला? ऑस्कर वाइल्ड तर म्हणून गेलाय की सगळी वाईट कविता खऱ्या भावनेतूनच जन्मते. वाइल्ड वात्रट माणूस, त्याचं निम्मंच ऐकायचं, पण ते निम्मं ऐकण्यासारखं आहे.

आता तुकोबांकडं ये. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, घर बसलं, बायको गेली. संतांनी विचारलं म्हणून त्यांनी स्वतःची हकिगत एका अभंगात सांगितलीय, त्यात हे आहे: "दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥ लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें । वेवसाय देखें तुटी येतां ॥" नीट बघ काय केलंय. बायको भुकेनं मेली हे अर्ध्या ओळीत, एकही विशेषण नाही, फक्त "अन्न अन्न" दोनदा, की ती हाक ऐकूच येते. आणि लगेच पुढं काय, तर लाज वाटली, धंद्यात तोटा आला. आपल्यापैकी कुणी लिहिलं असतं तर धंद्याचा तोटा लपवला असता की नाही? बायकोच्या मरणाशेजारी दुकानाचा हिशेब कोण ठेवेल, लोक काय म्हणतील. पण दुष्काळात माणसाच्या डोक्यात हे दोन्ही शेजारी-शेजारीच असतं, लाजसुद्धा असते, आणि ते त्यांनी बघितलं आणि तसंच ठेवलं. त्याच अभंगात पुढं म्हणतात, "सत्यअसत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥" बहुमत म्हणजे काय, आपला मांडवच की.

दुसरं उदाहरण आपल्या गावचं. इंदिरा संत बेळगावच्याच, १९४६ ला नवरा गेला, मुलं लहान, इथंच शिकवत राहिल्या, इथंच लिहीत राहिल्या. त्यांची "नको नको रे पावसा" तू शाळेत वाचली असशील. त्यातली बाई पावसाला काय सांगते, तर कौलांवरून असा तडातडा नाचू नको, "तांबे-सतेली-पातेली आणू भांडी मी कोठून?" गळणाऱ्या घरात प्रत्येक धारेखाली एक भांडं ठेवावं लागतं, आणि तिच्याकडं तेवढी भांडी नाहीत. मग लुगडं भिजवू नको म्हणते. आणि शेवटी, इतकं सगळं सोसलं तुझं, आता वाटेला लागलेला माझा सखा तेवढा माघारी आण, मग घाल काय धिंगाणा घालायचा तो. विरह, दुःख, एकाकी असला एक शब्द तिथं नाही. मी ती कविता त्यांच्या चरित्राला चिकटवत नाही, तो धंदा वाईट, पण जिला भांड्यांची संख्या कळते तिला दुःखातलं काहीतरी कळलेलं असतं, जे नुसतं दुःखी असलेल्या माणसाला कळत नाही.

म्हणून तुला काम सांगते. आजोबांजवळ बस. आत असताना जेवायला काय मिळायचं विचार, त्या साली भाताची कापणी कुणी केली विचार, सुटून आल्यावर आजी पहिलं वाक्य काय बोलली ते विचार, कदाचित ती चांगलीच भांडली असेल. आणि अजून एक, तुझी आजी रविवार पेठेत मिरची घेताना घासाघीस कानडीतच करत असणार, आणि भांडण मिटवताना सुद्धा कानडीतच, आणि घरी येऊन अभंग म्हणत असणार. तुझा राग आणि तिचं कानडी एकाच चुलीवर जेवतायत. यावर आपल्या मांडवात मी तरी अजून कविता ऐकलेली नाही. लिहिलीस तर टाळ्या कमी पडतील कदाचित.

अक्का, मी शहापूरची, लहानपणापासून गाणं शिकतेय. यूट्यूबवर ऐकून मोठ्या गवयांच्या जागा मी हुबेहूब घेते, घरचे खूश असतात, आमच्या बाई मात्र "छान, पण हे तुझं नव्हे" म्हणून गप्प बसतात. नक्कल न करता शिकायचं तरी कसं? — एक विद्यार्थिनी

नक्कल वाईट असती तर आपल्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळीमठ कुमार गंधर्व झालाच नसता. ८ एप्रिल १९२४ चा जन्म, गाव सांब्र्याच्या पुढं, तू रेल्वेनं जाताना खिडकीतनं बघितलं असशील. हा पोरगा लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी जशाच्या तशा गायचा, अगदी त्यांच्या लकबींसकट, लोक थक्क व्हायचे, "कुमार गंधर्व" ही पदवी त्याच वयात एका स्वामींनी दिली. तिथंच थांबला असता तर आज एक चमत्कारी मुलगा होऊन गेला एवढंच म्हटलं असतं. मग मुंबईला देवधर मास्तरांकडं शिकणं झालं, आणि पुढं ऐन तरुणपणी, १९४७ च्या सुमाराला क्षयरोग, देवासला जाऊन पडून राहणं, काही वर्षं गायचंच नाही. पडल्या-पडल्या कानावर काय यायचं तर माळव्यातल्या बायकांची, वाटसरूंची, भजनं करणाऱ्यांची गाणी.

बरेच लोक सांगतात की एक फुफ्फुस गेलं म्हणून त्यांचं गाणं असं छोट्या-छोट्या झेपांचं झालं. मला हे अर्धवट वाटतं. फुफ्फुस बऱ्याच जणांचं जातं हो, तेवढ्यानं कुणी कुमार गंधर्व होत नाही. गाता येत नव्हतं तेव्हा ते ऐकत काय होते, आणि या साध्या चार सुरांच्या गाण्यात रागाचं बी कुठं आहे हे त्यांना दिसलं, त्यातनं नवे राग बांधले, "अनूपरागविलास" या त्यांच्या पुस्तकात बंदिशी आल्या, ती खरी गोष्ट. आणि बालगंधर्वांवर कार्यक्रम केला तेव्हा नाव दिलं "मला उमजलेले बालगंधर्व". नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांची, नक्कल करणारे त्या काळात गल्लोगल्ली असणार, आणि हुबेहूब नकलेत तर कुमारजी लहानपणीच पास झालेले, तरी त्यांनी ती केली नाही, ही जागा नारायणराव इथंच का घेतात ते शोधलं आणि तेच गाऊन दाखवलं.

तर तू जागा घे, खुशाल घे, पण घेतल्यावर विचार की हे इथं का वळले? शब्दासाठी, की सम गाठायची होती म्हणून, की श्वास तिथंच संपत होता? आणि श्वास त्यांचा संपत होता तर तू कशाला वळतेस?

फक्त "तुझं" याचा अर्थ "वेगळं" असा घेऊ नकोस, हल्ली तो एक रोगच झालाय. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर बघ, आधी ग्वाल्हेर घराण्याची तालीम झालेली, नाव झालेलं, रेकॉर्डी निघालेल्या, तरी जयपूर घराण्याच्या मंजीखाँसाहेबांसमोर पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसले, त्यांच्यानंतर बुर्जीखाँसाहेबांकडं. जयपूरची चौकट त्यांनी मोडली-बिडली काही नाही. खरं दोन मिनिटं ऐकलं की कळतं हे मन्सूरच.

नमस्कार. आम्ही निपाणीत हौशी नाटक करतो. डायरेक्टर म्हणतात खरं रडू आलं पाहिजे, ग्लिसरीन लावलं की ते बेइमानी म्हणतात. मला खरं रडू आलं की डायलॉगच विसरतो. काय करू? — एक नट

ग्लिसरीन लावा. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात तुमचाच प्रश्न मांडलाय, दुःख म्हणजे रडणं, मग ज्याला दुःख झालेलंच नाही त्यानं ते रंगभूमीवर करायचं कसं? त्यांचं उत्तर असं की अश्रू, घाम, रोमांच, आवाज बदलणं असे जे आठ सात्त्विक भाव, ते एकाग्र झालेल्या मनातून येतात. दुःखी मनातून म्हणत नाहीत ते, एकाग्र मनातून. फ्रान्समधला लेखक दिदरो अठराव्या शतकात आणखी पुढं गेला, म्हणाला थोर नट आतून थंड असतो, म्हणून तर तो रोजच्या प्रयोगाला तेवढाच चांगला होतो, आणि मनापासून रडणारा एक दिवस उत्तम आणि दुसऱ्या दिवशी भिकार. मला दिदरो जरा टोकाचा वाटतो, पूर्ण थंड माणूस समोरच्या नटाचं ऐकणार कसा? पण डायलॉग विसरणारा नट कुणाशी इमान राखतोय, हे तुमच्या डायरेक्टरना एकदा विचारा. प्रेक्षकानं तिकीट काढलंय ते त्याला स्वतःला रडायला, तुम्हाला रडताना बघायला नव्हे.

ताई, मी खानापूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. तत्त्वज्ञानाची आवड आहे, खरं आता विश्वास उडालाय. रूसोनं मुलांच्या शिक्षणावर एवढा ग्रंथ लिहिला आणि स्वतःची पाच मुलं अनाथालयात टाकली. अशा माणसाचं वाचायचं कशाला? त्यापेक्षा आपले तुकोबा-बसवण्णा बरे, बोलले तसे वागले. — एक गुरुजी

गुरुजी, गोष्ट खरी आहे, पाचही मुलं त्यानं पॅरिसच्या अनाथालयात सोडली, आणि शिक्षणावरचा तो ग्रंथ, "एमिल", आला १७६२ ला. दोन वर्षांनी व्होल्तेअरनं नाव न घालता एक पत्रक काढून ही भानगड जगजाहीर केली. मग रूसोनं आत्मकथन लिहिलं, त्याच्या मरणानंतर छापलं गेलं, आणि सुरुवातीलाच काय म्हणतो तर असं काम आजवर कुणी केलं नाही आणि पुढंही कुणी करणार नाही, न्यायाच्या दिवशी हे पुस्तक हातात घेऊन मी देवासमोर उभा राहीन.

मला रूसोची खरी अडचण इथं वाटते, मुलांच्या भानगडीत तेवढी नाही. तो सगळं कबूल करतो हो, तरुणपणी एक रिबन चोरली आणि आळ घरातल्या मोलकरणीवर, मारियोनवर ढकलला, हेही सांगतो, आणि ती पानं वाचताना अंगावर काटा येतो. पण कबुली संपली की लगेच वकिली चालू, माझ्या मनात वाईट नव्हतं, उलट तिच्याबद्दल आपुलकी होती म्हणूनच तिचं नाव तोंडात आलं! म्हणजे प्रामाणिकपणा शंभर टक्के, आणि स्वतःकडं बघणं मात्र आरशात भांग पाडताना बघतो तसं. त्याच्या आधी मॉन्तेन होऊन गेला, १५८० ला त्याचे निबंध आले, तोही म्हणतो माझ्या पुस्तकाचा विषय मीच. पण तो देवासमोर पुस्तक नेत नाही. मरेपर्यंत, १५९२ पर्यंत, जुन्या मजकुरात नवं घालत राहिला, आणि आधीचं मत आताच्या मताशी जुळत नसलं तरी बहुतेक ठिकाणी ते खोडलं नाही, दोन्ही ठेवली. कालचा मी आणि आजचा मी भांडतायत, भांडू देत. मला तो जास्त भरवशाचा वाटतो.

आता आपल्या लोकांचं. बसवण्णांचं वचन तुम्हाला पाठ असेल, "नुडिदरे मुत्तिन हारदंतिरबेकु", बोलावं तर मोत्याच्या हारासारखं, माणकाच्या तेजासारखं, स्फटिकाच्या कांडीसारखं, लिंगानं ऐकून होय होय म्हणावं असं, आणि शेवटी फटका, बोलण्यासारखं वागलं नाही तर कूडलसंगमदेव प्रसन्न होणार कसा? किती शहाणी रचना आहे बघा, आधी तीन-चार ओळी बोलण्याचं कौतुक, इतकं सुंदर कौतुक की आपण भुलतो, आणि मग ते सगळं बोलणंच तराजूत. स्वतःच्या सुंदर बोलण्यावर सुद्धा त्यांचा संशय आहे. आणि बिज्जळ राजाच्या दरबारातलं मोठं पद असताना कल्याणमध्ये (म्हणजे आताच्या बसवकल्याणात) जातीबाहेरच्या लग्नाच्या बाजूनं उभं राहून त्याची किंमतही मोजली.

तुकोबांचं "बोले तैसा चाले । त्याची वंदीन पाऊले" तर मराठी माणसाच्या तोंडातच असतं. पण गुरुजी, एक बघा, पाऊलं कुणाची वंदायची ते तुकोबांनी सांगितलंय, पुस्तक कुणाचं वाचायचं ते नव्हे. बसवण्णासुद्धा देव प्रसन्न होईल का विचारतात. रूसोच्या पाया पडायला मीही जाणार नाही. पण मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे, त्याची समजायची स्वतःची रीत असते, हे त्यानं इतक्या जोरात मांडलं आणि तुम्ही नोकरीभर ज्या पद्धतीनं पोरांना शिकवलंत त्यात कुठं तरी ते झिरपून आलेलं असणार. ते खोटं कसं म्हणायचं? आणि त्याच वेळी त्या पाच पोरांना ते कुणी दिलं नाही हेही विसरता येत नाही. माझ्याच्यानं हे दोन्ही एका पेटीत बसत नाही, तुम्हाला बसवता आलं तर कळवा.

अक्का, माझी मुलगी सहावीत आहे. "माझी आई" निबंधात तिनं लिहिलं की आई सकाळी ओरडते, मग डब्यात जास्त चपात्या घालते. मार्क कमी पडले, शेरा आला "भाषा भावनापूर्ण नाही". शेजारच्या मुलीनं गाईडमधलं "वात्सल्यसिंधू" वगैरे लिहिलं, तिला पैकीच्या पैकी. मी काय शिकवू हिला? — एक आई, वडगाव

अहो, तुमच्या मुलीनं एका वाक्यात जे लिहिलंय ते बघा तरी! ओरडते, *मग* चपात्या जास्त घालते. तुम्ही पश्चात्ताप म्हणून घालता हे तिला कळलेलं असो वा नसो, दिसलेलं आहे, आणि तिनं मध्ये "कारण" घातलं नाही. कारण वाचणाऱ्याला कळतं.

प्रकाश संतांची लंपनची पुस्तकं घरी आणा, "वनवास"पासून सुरू करा, १९९४ चं आहे. वाचनालयात सहज मिळेल, आपलं सार्वजनिक वाचनालय तर १८४८ पासूनचं. लंपन आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडं राहतो, गाव आपल्याच बाजूचं, बोलण्यात कानडी मिसळलेलं, आणि कशालाही "मॅडसारखं" म्हणतो. त्याला आईची आठवण येते तेव्हा तो तसं क्वचितच सांगतो, तो दुसरंच काहीतरी बघत बसतो, झाड, रस्ता, रेल्वे, आणि आपल्या घशात दाटतं. लंपनला जे कळत नाही ते वाचकाला कळावं अशी ती मांडणी आहे, आणि ती एका पन्नाशी उलटलेल्या, भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं केलीय. म्हणजे पोराचा आवाज हा त्यानं घेतलेला आवाज, एका अर्थी सोंगच, पण त्यात खोट शोधून सापडत नाही. प्रकाश संत हे इंदिराबाईंचे चिरंजीव. वर सांगितलेल्या त्या १९४६ च्या मरणाच्या वेळी ते आठ-नऊ वर्षांचे होते.

शाळेशी भांडायला जाऊ नका, बाईंना साठ-साठ वह्या तपासायच्या असतात आणि पेपरात "वात्सल्यसिंधू"लाच मार्क आहेत. पोरीला सरळ सांगा की परीक्षेत गाईडचं लिही, ती एक वेगळी गंमत आहे, शब्द तरी पाठ होतील. पण एक दुसरी वही द्या, जी कुणी तपासणार नाही. तुम्हीसुद्धा नाही, तिनं दाखवली तरच बघा, आणि तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नका. आणि सकाळी ओरडायचं असेल तर ओरडा हो, लेखिका घरात आहे म्हणून लगेच गोड वागायला लागलात तर तिला लिहायला काय उरणार.